चोरटे चाहतेपण

दिल्लीत मराठी पुस्तकांच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या माणसांत मी बरीच वर्षे वावरतो आहे आणि या वावराचा मोठा भाग पहाडगंजात झाला आहे. बृहन्महाराष्ट्र भवन इथे, नूतन मराठी शाळा इथे, नवी दिल्लीचे स्टेशन पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे व्याख्यान असो, पुस्तकाचे प्रकाशन असो की पुण्याहून आलेल्या लेखकाचा सत्कार असो, महाविद्यालयांतले, विद्यापीठांतले, सरकारी कचेऱ्यांतले आणि निवृत्त झालेले मराठी वाचक एकमेकांना याच परिसरात भेटतात. या मंडळींबद्दलचा माझा एक अनुभव आता मताइतका पक्का झाला आहे. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या खेळाचे जातिवंत चाहते आहेत. बहुतेक क्रिकेटचे, काही कुस्तीचे, थोडे टेनिसचे. आणि ज्यांची मुले कॅनडात स्थिरावली त्यांच्यापैकी काही तर चक्क आइस हॉकीचे. टोरंटो मेपल लीफ्सने 1967 नंतर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही हे पुरते ठाऊक असूनही दर हिवाळ्यात नव्याने आशा धरणारा मराठीचा प्राध्यापक दिल्लीत आढळतो, यावर महाराष्ट्रातल्या वाचकांनी विश्वास ठेवावा. पण हे सगळे चहाच्या कपाबरोबर सुरू होते आणि कप खाली ठेवला की संपते. सभागृहात शिरताना चाहतेपण चपलांसारखे बाहेर काढून ठेवायचे, असा जणू दंडकच आहे. त्यावर लेख होत नाही, शोधनिबंध होत नाही, विद्यार्थ्याला तो विषय कुणी सुचवत नाही. ही लपवाछपवी निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. तिच्यापायी मराठीच्या अभ्यासकांनी आपल्याच घरातला मोठा ऐवज न उघडता ठेवला आहे आणि तो उघडण्याचे काम दुसऱ्यांनी केले आहे.

2025 सालचा दिल्लीचा हिवाळा आठवून पाहा. 13 ते 19 जानेवारीदरम्यान इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही अंतिम सामने भारताने नेपाळविरुद्ध जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली बांधून दिले, तो 111 वर्षांनी जगाचा खेळ म्हणून राजधानीत उतरला होता. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, 21 ते 23 फेब्रुवारीला, 98वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले, आणि तेही तालकटोरा स्टेडियममध्ये. 1954 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली इथे संमेलन झाले होते. त्यानंतर 71 वर्षांनी दिल्लीला हा मान मिळत होता, तेव्हा आमच्या उत्साहाला उधाण आले यात नवल नाही. संमेलनाच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, दुबईत चॅम्पियन्स करंडकातला भारत-पाकिस्तान सामना होता. विराट कोहलीने नाबाद 100 धावा केल्या आणि भारत सहा गडी राखून जिंकला. त्या दुपारी तालकटोऱ्यात जमलेल्या वाचकांपैकी किती जणांचे चित्त एकाच ठिकाणी होते, हे मी विचारणार नाही. ज्याचे उत्तर त्याला ठाऊक आहे. माझा मुद्दा निराळा आहे. माझ्या ओळखीच्या साहित्यिक मंडळींत संमेलनावरची चर्चा महिनोन्महिने पुरली. खो-खोच्या विश्वचषकाला वाट्याला आली ती कौतुकाची दोन वाक्ये. दोन्ही घटना एकाच शहरातल्या, दोन्हींत मराठी माणसे पुढे, पण एक संस्कृती मानली गेली आणि दुसरी बातमी.

हा भेद मराठीच्या स्वभावातच आहे असे म्हणावे, तर आधीच्या पिढ्यांचा दाखला उलटा निघतो. दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. 1926-27च्या मोसमात आलेल्या एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी 148 धावा काढल्या, महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून दिला, आणि 1944 साली, वयाच्या 52व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. पुणेकर त्यांना प्रोफेसर देवधर म्हणत. वर्ग आणि मैदान यांच्यामध्ये कुणी रेघ ओढली नव्हती. त्याहून बोलका दाखला कोल्हापूरचा. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खर्डेकरांचे नाव आहे आणि दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे. एका प्राचार्याच्या चाहतेपणातून जोडली गेलेली ही दोन नावे, पण आम्ही एक वाचनाच्या खात्यात मांडतो आणि दुसरे व्यायामाच्या. देवधर-खर्डेकर अपवाद होते असे म्हणून सुटता येत नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीतच काढले होते. आणि ज्या तर्कतीर्थांनी 1954चे दिल्लीचे संमेलन भूषवले, त्यांनीच पुढे मराठी विश्वकोशाचे संपादन करताना कबड्डी, खो-खो, क्रिकेट यांना तत्त्वज्ञान आणि रसायनशास्त्राच्या रांगेत स्वतंत्र नोंदी दिल्या. ज्ञानकोशाला जे चालते ते मराठीच्या अभ्यासक्रमाला का चालत नाही, याचे पटणारे कारण मला अजून कुणी दिलेले नाही.

आता तो न उघडलेला ऐवज. पळवणकर बाळू हा चांभार कुटुंबातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता तो जे. जी. ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकू लागला आणि त्यातून घडला. हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्याशिवाय युरोपियनांना हरवणे कठीण होते. पण चहाच्या सुट्टीत त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्याचा वाटा मोठा होता. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाची त्या दौऱ्यात दाणादाण उडाली, तरी बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करून त्याला कर्णधार कधीच नेमले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल 1923 साली हिंदूंचा कर्णधार झाला, तो भावांनी निषेध नोंदवल्यानंतर आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झडल्यानंतर. तरुण आंबेडकरांना बाळूचा अभिमान होता, आणि तोच बाळू 1937च्या निवडणुकीत काँग्रेसचा उमेदवार म्हणून आंबेडकरांच्या विरोधात उभा राहून हरला. दिल्लीत फिरोजशाह कोटला आणि आंबेडकर स्टेडियम एकमेकांना खेटून आहेत. तिथून जाताना ही निवडणूक किती जणांना आठवत असेल?

ही सारी हकिगत आज सुशिक्षित भारतीयाला माहीत आहे ती रामचंद्र गुहा यांच्या 2002 सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा इतिहासकार पर्यावरणाच्या इतिहासासाठी नावाजला गेला, पण क्रिकेटचे वेड त्याने कधी लपवले नाही आणि त्या वेडालाच संशोधनाची शिस्त लावली. त्याला पळवणकर भावांपर्यंत नेणाऱ्या साधनांत एक मराठी पुस्तक होते: विठ्ठलने लिहिलेले ‘माझे क्रीडाजीवन’, साल 1948. म्हणजे दया पवारांच्या ‘बलुतं’च्या तीस वर्षे आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या एका माणसाने मराठीत आपले आयुष्य लिहिले, आणि दलित आत्मकथनांवर परिसंवादांमागून परिसंवाद घेणाऱ्या आमच्या वर्तुळात मी त्याचा उल्लेख क्वचितच ऐकतो. कारण उघड आहे. ते पुस्तक ग्रंथालयात खेळांच्या कपाटात असते आणि त्या कपाटाकडे मराठीचा प्राध्यापक जातो तो सुट्टीच्या दिवशी. कुणी म्हणेल, विठ्ठलचे पुस्तक वाङ्मयीन नाही, त्यात सामन्यांचेच वर्णन जास्त. असेल. पण जातीबद्दल किती बोलायचे आणि किती गिळायचे, हा निर्णय 1948 साली त्या लेखकाने कसा घेतला, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे. तो विचारायला भाषेचा अभ्यासक हवा. आकडेवारीवाल्याचे ते काम नाही.

यावरचा पहिला आक्षेप भारदस्त असतो. चाहता म्हणजे पक्षपाती, अभ्यासक म्हणजे तटस्थ. एका देहात दोघे नांदणार कसे? हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी कित्येकांना मी मर्ढेकरांवर, नेमाड्यांवर किंवा कोलटकरांवर बोलताना ऐकले आहे आणि तिथे मला तटस्थता आढळली नाही. आढळली ती निष्ठा, कधी कधी वैरही. फरक इतकाच की साहित्यातल्या निष्ठेला रोजच्या रोज जमाखर्च द्यावा लागत नाही. खेळाच्या चाहत्याला द्यावा लागतो. पहाडगंजाच्या अंगालाच रेल्वेचे कर्नेलसिंह स्टेडियम आहे. तिथल्या रणजी सामन्यांना दर्शक थोडे, पण जे येतात ते नेमाने येतात. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रेल्वेकडून खेळत होता तेव्हा, हा मुलगा वरच्या दर्जाला टिकेल की नाही यावर त्यांच्यात दोन तट असत. 2002 साली हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्याने 68 धावा काढल्या, भारत डावाने जिंकला आणि एका तटाला आपले मत बदलावे लागले. 2022च्या डिसेंबरात याच मैदानावर रेल्वे आणि पंजाबचा सामना खेळपट्टी धोकादायक ठरल्याने थांबवून दुसऱ्या खेळपट्टीवर नव्याने सुरू करावा लागला. त्यावर चाहत्यांत झालेला वाद तर थेट समीक्षेच्या वर्गात बसवावा असा होता. बळी पडले ते गोलंदाजाच्या गुणामुळे की जमिनीच्या दोषामुळे? फलंदाजाचे श्रेय त्याच्या तंत्राला द्यायचे की परिस्थितीला? कृती आणि तिचा काळ यांचे नाते उलगडताना आम्ही हेच विचारतो, फक्त आमच्याकडे उत्तर चुकले तरी धावफलक ते दाखवत नाही. चाहतेपण माणसाला आंधळे करते हे खरे. पण आपले मत पुराव्यापुढे हरू शकते, ही सवयही तेच लावते, आणि ती सवय विद्यापीठांत पुरेशी मुबलक आहे असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की मराठीत खेळांवर लिहिले गेले ते वर्तमानपत्री. दुपारी लिहिलेले, सकाळी वाचलेले, संध्याकाळी शिळे. हे म्हणताना आगरकरांचे आणि टिळकांचे गद्यही वर्तमानपत्रातच जन्मले याचा सोयीस्कर विसर पडतो. आचार्य अत्र्यांचे तर विचारूच नका. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये क्रीडापानाला जे वजन मिळवून दिले त्यात निकालांच्या पलीकडचे बरेच होते: संघटनांचे राजकारण, मैदानांच्या जमिनी, देशी खेळांची आबाळ. बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. त्यांनी क्रिकेटचे धावते समालोचन मराठीतून करून दाखवले. डोळ्यांपुढे घडणारी गोष्ट, पुढच्या क्षणी काय होणार हे माहीत नसताना, ऐकणाऱ्याला दिसेल अशा वाक्यांत सांगायची, हे मराठी गद्याचे केवढे कठीण काम आहे, याचा विचार शैलीचे अभ्यासक का करत नाहीत? शिरीष कणेकरांची खिल्ली, द्वारकानाथ संझगिरींचे पाल्हाळ हे दोष असतील तर दोष म्हणून, गुण असतील तर गुण म्हणून तपासायला हवेत. कणेकर 2023 साली गेले, करमरकरही त्याच वर्षी, संझगिरी 2025च्या फेब्रुवारीत, संमेलनाच्या तोंडावर. यातले पुष्कळ लेखन सामान्य आहे, हे मला मान्य आहे. पण आम्ही ज्यांच्यावर प्रबंध लिहून घेतो त्या कादंबऱ्यांतल्याही पुष्कळ सामान्य आहेत. निवड करायची तर आधी सगळे वाचावे लागते.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. अशा बाजाराची आरती अभ्यासकांनी का ओवाळायची, असे विचारले जाते. ओवाळू नयेच. सिनेमातही पैसा आहे आणि सिनेमाच्या अभ्यासाला कुणी बाजाराची चाकरी म्हणत नाही. पैसा जिथे एवढा ओतला जातो तिथे काय चालले आहे ते पाहणारा माणूस हवा, आणि तो खेळ कळणारा हवा. दिल्लीतच विकासशील समाज अध्ययन पीठात बसून आशिस नंदी यांनी 1989 साली क्रिकेटवर पुस्तक लिहिले; जामिया मिल्लियात इतिहास शिकवणारे कादंबरीकार मुकुल केशवन यांनी 2007 साली आपले क्रिकेटवरचे निबंध पुस्तकरूपाने आणले. यांपैकी कुणाच्या विद्वत्तेला त्यामुळे उणेपणा आला नाही. हे सगळे इंग्रजीत घडले, पहाडगंजापासून थोड्याच अंतरावर, आणि आम्ही ते कौतुकाने वाचले. वाचून पुन्हा आपल्या खंडकाव्याकडे वळलो.

एखादे साहित्य आपला खेळ घरात घेते तेव्हा काय होते हे पाहायला आमच्या आइस हॉकीवाल्या मित्रांचा कॅनडा उपयोगी आहे. रॉक कारिए या क्वेबेकच्या लेखकाची 1979 सालची एक छोटी गोष्ट आहे. गावातली सगळी मुले माँट्रियल कॅनेडियन्सच्या मॉरिस रिशारची भक्त. एका मुलाचा स्वेटर जुना होतो, आई टपालाने नवा मागवते आणि येतो तो टोरंटो मेपल लीफ्सचा. फ्रेंच भाषकांच्या गावात इंग्रजांच्या संघाचा स्वेटर घालून बर्फावर उतरायचे! भाषा, धर्म, प्रांत, आईची आब, सगळे त्या स्वेटरात आले. 2002 साली चलनात आलेल्या कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर या गोष्टीतल्या ओळी दोन्ही भाषांत छापल्या गेल्या, आणि कारिए त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुखही झाले. कॅनेडियन्सचा गोलरक्षक केन ड्रायडन कॉर्नेलमध्ये इतिहास आणि मॅकगिलमध्ये कायदा शिकला, वकिलीची उमेदवारी करायला अख्खा एक मोसम खेळाबाहेर राहिला, सहा वेळा स्टॅन्ली कप जिंकला आणि 1983 साली ‘द गेम’ हे पुस्तक लिहून गेला. ते वाचायला हॉकी आवडावी लागत नाही. तिकडे राहणारी मराठी मुले हे वाचत वाढतात. आपल्याकडे बर्फावरची हॉकी लडाखची. तिथल्या मुलींच्या बळावर भारताचा महिला संघ 2016 साली पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि 2025 साली आशिया चषकात कांस्यपदकापर्यंत पोचला. गोठलेल्या तळ्यांवर मिळेल ते साहित्य वापरून शिकलेल्या या मुलींची गोष्ट कारिएच्या स्वेटरापेक्षा उणी नाही. ती लडाखी भाषेत लिहिली जावी. मराठीत कुणी लिहिली तरी हरकत नसावी.

मुलींचा विषय निघाला तेव्हा सर्वांत अवघड आक्षेपाकडे यायला हवे. तो माझ्या ओळखीच्या लेखिका आणि प्राध्यापिका घेतात आणि त्यात तथ्य आहे. चहाच्या टेबलावरचे हे चाहतेपण पुरुषी आहे, म्हणतात त्या. पुरुष एकमेकांना 1971ची क्रिकेट मालिका पाठ म्हणून दाखवतात आणि बायका विषय बदलण्याची वाट पाहतात. खरे आहे. मात्र उपाय त्या सुचवतात तो, म्हणजे विषयच बाहेर ठेवण्याचा, मला पटत नाही, आणि याचे उत्तर मला सापडले ते त्यांच्याच क्षेत्रात. दिल्लीच्या संमेलनाध्यक्ष डॉ. तारा भवाळकर यांची हयात लोकसंस्कृतीच्या, बायकांच्या मौखिक परंपरेच्या अभ्यासात गेली. फुगडी, झिम्मा, मंगळागौरीचे जागरण यांकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी गंभीरपणे पाहिले. अंगणातला खेळ अभ्यासाचा विषय होतो. मग तीच मुलगी अंगण ओलांडून मैदानात गेली की आमची लेखणी का थांबते? भवाळकर सांगलीच्या. स्मृती मानधना सांगलीत वाढली. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला तेव्हा ती त्या संघाची सलामीवीर होती. एकाच वर्षी एका गावाने संमेलनाला अध्यक्ष आणि विश्वविजेत्या संघाला सलामीची फलंदाज दिली. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण विजय हजारे आणि बॅडमिंटनचे नंदू नाटेकर यांचाही जन्म सांगलीचाच, आणि मराठी रंगभूमीचा पहिला पडदा 1843 साली विष्णुदास भाव्यांनी उघडला तोही तिथेच. संस्थानी आश्रय, हौशी प्रेक्षक, कलावंताला आणि खेळाडूला सारखेच ओळखणारी पेठ, अशा कुठल्या मातीत हे एकत्र उगवले, याचा शोध घेणारे मराठी पुस्तक मला वाचायचे आहे. ते लिहिणारी बाई असली तर अधिक बरे. टेबलावरचा पुरुषी सूर बदलायला तेवढे एक पुस्तक पुरेल.

शेवटी उरते ती नोकरीची अडचण, जी कुणी मोठ्याने बोलत नाही. पदोन्नतीसाठी गुण मोजले जातात, शोधनिबंधाचा विषय समितीपुढे जातो, आणि ‘मराठी क्रीडा-आत्मचरित्रे’ असे शीर्षक पाहून समितीतला कुणीतरी हसेल ही भीती तरुण सहायक प्राध्यापकाला असते. ती खोटी नाही. म्हणूनच पहिले पाऊल ज्यांना पदोन्नती उरलेली नाही अशा ज्येष्ठांनी टाकायला हवे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 2025च्या जुलैत कुसुमाग्रजांच्या नावाचे मराठी अध्यासन सुरू झाले आहे. नव्या अध्यासनाला जुन्या विद्यापीठांच्या सवयी लागण्याआधी तिथे एक परिसंवाद व्हावा: विठ्ठलचे ‘माझे क्रीडाजीवन’ समोर ठेवून, करमरकर आणि पंडित यांचे लेखन काढून, आणि प्रियांका इंगळेला आग्रहाचे बोलावणे धाडून. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांकडेही माझे एक मागणे आहे. तुमच्या आजोबांनी लिहून ठेवलेल्या धावफलकांच्या वह्या, कोटल्याच्या कसोटीची तिकिटे, शिवाजी स्टेडियमवरच्या हॉकी स्पर्धांची माहितीपत्रके, आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनाच्या टेपा माळ्यावर पडल्या असतील, तर त्या रद्दीवाल्याला देऊ नका. पहाडगंजात आणून द्या. ठेवायला कपाट मिळवण्याची जबाबदारी आमची.